द्वंद्व संपते तेव्हा

(नाट्यविषयक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महत्त्वाकांक्षा हा शब्द आपण फार उदारपणे वापरतो. आपल्या मुलाच्या अंगी ती असावी असे आईबापांना वाटते. तरुण कार्यकर्त्याच्या अंगी ती असावी असे पुढाऱ्यांना वाटते. आणि ज्याच्या अंगी ती नाही त्याला आपण 'सरळमार्गी' म्हणतो खरे, पण त्या शब्दात आदरापेक्षा कीवच अधिक असते. सत्तेपायी माणुसकीला मुकलेल्या माणसाचे वर्णन करतानाही आपण हाच शब्द वापरतो. एकाच शब्दात इतके अंतर असेल, तर ते अंतर माणूस नेमके कोठे आणि कसे ओलांडतो, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मला ठाऊक असलेल्या नाट्यवाङ्मयात या प्रश्नाचा सर्वांत निर्दय शोध शेक्सपिअरने 'मॅकबेथ'मध्ये घेतला आहे. म्हणून आज त्या नाटकाविषयीच बोलणार आहे.

हे नाटक मराठी रसिकाला परके नाही. शि. म. परांजपे यांनी त्याला 'मानाजीराव' हे मराठी रूप दिले. त्याच परांजप्यांनी १८९८ मध्ये 'काळ' सुरू केला आणि १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली शिक्षा भोगली. पुढे १९५४ मध्ये शिरवाडकरांनी 'राजमुकुट' लिहिले. परंतु मराठी अवतारांची तुलना हा आजचा विषय नव्हे. मूळ नाटक सुमारे १६०६ मधले. ते छापले गेले मात्र १६२३ मध्ये, म्हणजे शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. त्याच्या शोकांतिकांमध्ये ही सर्वांत छोटी आहे. तिच्यात फारशी उपकथानके नाहीत, विसावा नाही. एक माणूस एक दार उघडतो, आणि मग त्याला कोठेच थांबता येत नाही, इतकीच ही गोष्ट.

सबबी काढून घेणारा नाटककार

मॅकबेथ ही ऐतिहासिक व्यक्ती आहे. स्कॉटलंडचा हा राजा १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षे गादीवर होता. अकराव्या शतकातल्या त्या अस्थिर देशात हा काळ थोडा नव्हे. त्याच्या आधीचा राजा डंकन हा वृद्ध, साधुवृत्तीचा वगैरे नव्हता. तो वयाने तरुण होता आणि मॅकबेथशी झालेल्या संघर्षात, रणांगणावर मारला गेला. गादी थोरल्या मुलाकडेच जावी असा पक्का दंडकही त्या काळी तेथे नव्हता. राजकुळाच्या निरनिराळ्या शाखांचा तिच्यावर हक्क पोचत असे.

शेक्सपिअरने ही कथा घेतली ती होलिनशेडच्या बखरीतून. त्या बखरीत मॅकबेथच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तेथला डंकन दुबळा आहे, त्याच्या ढिलाईने राज्यात पुंडाई माजली आहे. गादीवर आपला काही हक्क आहे असे मॅकबेथला वाटते, आणि तसे वाटायला जागाही आहे. राज्य मिळाल्यावर पहिली दहा वर्षे तो न्यायाने कारभार करतो. शिवाय राजाला ठार मारण्याचा त्याचा बेत बँकोसह इतर मित्रांना ठाऊक असतो.

शेक्सपिअरने काय केले? यातली प्रत्येक सबब त्याने काढून टाकली. डंकनला त्याने वयोवृद्ध, सौम्य आणि प्रजेला प्रिय असा राजा केले. हक्काचा प्रश्न मोडीत काढला. दहा वर्षांचा सुराज्याचा काळ पुसून टाकला. रणांगणावरचा मृत्यू नेऊन त्याने शयनगृहात ठेवला. आणि त्यासाठी त्याच बखरीतली दुसऱ्याच एका राजाच्या खुनाची हकीकत वापरली, ज्यात खुन्याची बायको त्याला उद्युक्त करते. बँकोला कटातून सोडवले, याला एक व्यावहारिक कारण होते. १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेला जेम्स राजा स्वतःला बँकोचा वंशज मानीत असे, आणि शेक्सपिअरची मंडळी या राजाच्याच आश्रयाखाली होती. राजाच्या पूर्वजाला खुनात गोवणे शहाणपणाचे नव्हते. परंतु कारण कोणतेही असो, परिणाम असा झाला की मॅकबेथ एकटा उरला. अन्यायाचा सूड, राज्याचे हित, मित्रांचा आग्रह, यांपैकी कशाच्याही आड त्याला लपता येत नाही. उघडीवाघडी महत्त्वाकांक्षा तेवढी शिल्लक राहते.

चेटकिणींनी खून सांगितला नव्हता

चेटकिणींनी भविष्य सांगितले आणि मॅकबेथ बहकला, असे सर्रास म्हटले जाते. नाटक लक्षपूर्वक वाचले तर हे टिकत नाही. चेटकिणी त्याला 'तू राजा होशील' एवढेच सांगतात. 'डंकनला मार' असे त्यांच्यापैकी एकीनेही म्हटलेले नाही. खुनाची प्रतिमा त्याच्या मनातून आपण होऊन वर येते, आणि ती पाहून तो स्वतःच शहारतो. भविष्य ऐकायला बँकोही शेजारीच उभा होता. त्याच्या वंशाला राज्य मिळेल असे त्यालाही सांगितले गेले. तो मॅकबेथला तेथल्या तेथे सावधही करतो: काळोखाचे हस्तक क्षुल्लक बाबतीत खरे बोलून आपला विश्वास मिळवतात आणि मोलाच्या प्रसंगी घात करतात. एकच वाणी दोघांनी ऐकली. एकाच्या हातून खून झाला, दुसऱ्याच्या हातून झाला नाही.

मॅकबेथ प्रथम स्वतःला समजावतोही की दैवाला मला राजा करायचे असेल तर ते माझ्या हालचालीवाचून करील. पण थोड्याच वेळात डंकन आपल्या थोरल्या मुलाला, माल्कमला, वारस म्हणून जाहीर करतो, आणि मॅकबेथला ती आपल्या वाटेतली पायरी वाटू लागते. दैवावर हवाला ठेवणारा माणूस दैवाला थोडी मदत करायला निघतो.

त्याच्या पत्नीने त्याचे जे निदान केले आहे ते अचूक आहे. त्याला मोठे व्हायचे आहे, पण मोठेपणाबरोबर येणारा दुष्टपणा नको आहे. जे गैरमार्गानेच मिळणार ते त्याला पवित्र हातांनी मिळवायचे आहे. मित्रहो, हे वर्णन एका स्कॉटिश सरदाराचे आहे असे मला वाटत नाही. फळ अन्यायाचे हवे आणि हात मात्र स्वच्छ राहावेत, ही इच्छा फार सार्वत्रिक आहे. कित्येकांच्या बाबतीत ती आयुष्यभर इच्छाच राहते, इतकेच.

'करावे का' आणि 'जमेल का'

पहिल्या अंकाच्या शेवटी मॅकबेथचे एक स्वगत आहे. आत मेजवानी चालू आहे, डंकन जेवतो आहे, आणि यजमान उठून एकटाच बाहेर आला आहे. या स्वगतात तो स्वतःविरुद्ध संपूर्ण खटला मांडतो. आधी व्यवहाराचा मुद्दा: रक्तपाताचा धडा आपण जगाला दिला की तो धडा शिकलेले लोक उद्या आपल्यावरच उलटतात. मग कर्तव्याचा मुद्दा: मी त्याचा आप्त आहे, त्याचा प्रजाजन आहे, आणि आज रात्री त्याचा यजमान आहे, मारेकऱ्यासाठी दार बंद करायचे ते माझे काम. मग त्या राजाच्या गुणांचा मुद्दा. शेवटी दुसऱ्या पारड्यात टाकायला काय आहे हे तो पाहतो. तेथे केवळ महत्त्वाकांक्षा आहे, आणि तीही घोड्यावर झेप घेता घेता पलीकडे कोसळणारी.

यात अज्ञान कोठे आहे? आत्मवंचना कोठे आहे? पापाला तत्त्वज्ञानाची झूल पांघरणारे खलनायक रंगभूमीवर पुष्कळ झाले. मॅकबेथ ती झूल पांघरीत नाही. त्याला सगळे कळते, आणि आपल्याला सगळे कळते हेही कळते. माणसाला चांगले-वाईट समजावून सांगितले की तो आपोआप सुधारेल, या प्रबोधनावरील आपल्या भाबड्या विश्वासाला या स्वगताइतका मोठा धक्का क्वचितच कोणी दिला असेल.

इतक्यात त्याची पत्नी येते. हे प्रकरण आता पुढे न्यायचे नाही, असे तो तिला ठामपणे सांगतो. पण कारण कोणते देतो? नुकतीच मनाशी घोळवलेली कारणे तो सांगतच नाही. राजाने अलीकडेच माझा सन्मान केला आहे, लोकांचे माझ्याविषयी चांगले मत झाले आहे, ते इतक्या लवकर कशाला घालवा, एवढेच तो म्हणतो. म्हणजे स्वतःजवळ तो नीतीची भाषा बोलतो आणि घरातल्या माणसाजवळ प्रतिष्ठेची. जे मनात स्पष्ट असते ते उच्चारायची लाज वाटली की पराभवाला तेथेच सुरुवात होते. ती त्याला भित्रा म्हणते, त्याच्या प्रेमावर संशय घेते. आणि मग त्याच्या तोंडून एक छोटासा प्रश्न निघतो: आपण फसलो तर?

माझ्या मते नाटकाचा निर्णायक क्षण हा आहे. 'करावे का' हा प्रश्न गेला आणि 'जमेल का' हा प्रश्न आला. पहिल्या प्रश्नाला पत्नीकडे उत्तर नव्हते. दुसऱ्याला आहे: पहारेकऱ्यांना दारू पाजू, खंजीर त्यांच्याच उशाशी ठेवू, आळ त्यांच्यावर जाईल. नैतिक प्रश्नाचे तांत्रिक प्रश्नात रूपांतर झाले की तो सुटतोच. साधनशुचितेची चर्चा आपण पुष्कळ केली. पण साधने अशुद्ध होतात ती 'अशुद्ध साधने वापरू या' असा ठराव करून नव्हे. ती होतात पहिला प्रश्न सभ्यपणे बाजूला सारून दुसऱ्याची चर्चा सुरू केल्यामुळे.

पुरुषार्थाची व्याख्या

या नाटकात एक शब्द वारंवार येतो. तो म्हणजे 'पुरुष'. माणसाला शोभेल ते सारे करायला मी तयार आहे, त्याहून अधिक करणारा तो माणूसच नव्हे, असे मॅकबेथ प्रथम म्हणतो. ही व्याख्या त्याची स्वतःची आहे आणि ती उत्तम आहे. पत्नी ती उलटी करते: हे करायला धजावलास तर तू पुरुष. व्याख्या बदलली की कृती बदलते. खुनासाठी हात उचलायला तो निघतो ते या दुसऱ्या व्याख्येचे बोट धरून.

पुढे बँकोला मारण्यासाठी तो दोन मारेकरी नेमतो. ही माणसे दरिद्री आहेत, जगाने लाथाडलेली आहेत. तो त्यांना पटवतो की तुमच्या दैन्याला बँको कारण आहे. आणि मग त्यांना विचारतो, हे निमूट सहन करणारे तुम्ही, पुरुष आहात की नाही? पत्नीने जे शस्त्र त्याच्यावर चालवले तेच तो आता गरिबांवर चालवतो. खऱ्या दुःखाला खोटा शत्रू दाखवून द्यायचा आणि मर्दपणाला आव्हान करून हातात सुरा ठेवायचा, ही युक्ती त्या दोघा मारेकऱ्यांबरोबर संपली असे म्हणायचे धाडस माझ्याच्याने होत नाही.

या शब्दाचा तिसरा अर्थ मॅकडफपाशी सापडतो. आपली बायकामुले कापली गेल्याची बातमी त्याला कळते, तेव्हा माल्कम त्याला पुरुषासारखे धैर्य धरायला सांगतो. ते तर मी करीनच, पण पुरुषासारखे मला हे दुःख जाणवलेही पाहिजे, असे त्याचे उत्तर आहे. आपल्या परंपरेत पुरुषार्थ म्हणताना धर्माचे नाव आधी घेतात आणि अर्थ नंतर येतो. मॅकडफच्या त्या उत्तराने नाटकातही त्या शब्दाची मोडलेली घडी पुन्हा बसते. पण तोवर फार रक्त वाहून गेलेले असते.

हा मर्दपणा मॅकबेथ शिकला कोठे, हाही प्रश्न आहे. नाटकाच्या प्रारंभी एक जखमी सैनिक राजाला सांगतो की मॅकबेथने एका बंडखोराला बेंबीपासून जबड्यापर्यंत उभा चिरला आणि त्याचे मुंडके तटावर लावले. सौम्य डंकन हे ऐकून धन्य होतो, त्याला शूर आप्त म्हणतो, आणि फितूर झालेल्या कॉडरच्या सरदाराला देहान्ताची शिक्षा सुनावून त्याची सरदारकी मॅकबेथला देतो. माणूस कापला की पदवी मिळते, हा धडा त्या राज्यव्यवस्थेनेच त्याला दिला आहे. याने मॅकबेथचा अपराध तिळभरही कमी होत नाही. पण जो समाज कर्तबगारी याच मापाने मोजतो, त्याने तिच्या पुढच्या पायरीवर आश्चर्य व्यक्त करू नये.

दोन उलट्या वाटा

पतिपत्नींच्या वाटा एकमेकींना छेद देऊन जातात. खुनाआधी मॅकबेथला हवेत खंजीर दिसतो. खुनानंतर प्रार्थनेचा साधा शेवटचा शब्द त्याच्या घशातून निघत नाही. आपण झोपेचाच खून केला असे त्याला वाटते. ती मात्र शांत असते. थोड्या पाण्याने हे धुऊन निघेल, असे ती म्हणते. पण तिच्याही कवचाला एक भेग आहेच. झोपलेला डंकन तिच्या बापासारखा दिसला, नाही तर हे काम तिने स्वतःच उरकले असते. आपले द्वंद्व तिने सुरुवातीलाच गाडून टाकले होते. ते गाडलेले वर येते ते शेवटच्या अंकात, झोपेत. हातावरचा डाग धुऊन जात नाही. पाहणारा वैद्य कबूल करतो की या रोगाला वैद्यापेक्षा धर्मोपदेशकाची गरज अधिक आहे.

आणि मॅकबेथ? पहिल्या खुनाआधी त्याने रात्रभर स्वतःशी झगडा केला. दुसऱ्या खुनाआधी झगडा नाही, फक्त भीती आहे; तो बेत त्याने पत्नीलाही सांगितला नाही. आणि मेजवानीत रिकाम्या खुर्चीवर बँकोचे भूत दिसल्यावर तो ओरडला, म्हणजे आत काहीतरी जिवंत होते. तिसऱ्या वेळी, मॅकडफ इंग्लंडला निसटल्याचे कळताच, तो ठरवतो की यापुढे मनात आलेली पहिली गोष्ट हात लगेच करून टाकील. मन आणि हात यांच्यामध्ये पूर्वी एक जागा होती. तेथे स्वगते होत असत, खंजीर दिसत, शब्द घशात अडकत. ती जागाच त्याने बुजवून टाकली. मग ज्यांचा गादीशी काहीही संबंध नाही अशा एका बाईला आणि तिच्या लेकरांना मारायला भुताची अडचण उरत नाही.

म्हणून मला असे वाटते की मॅकबेथची शोकांतिका त्याच्या मृत्यूत नाही. माणसाच्या आतले द्वंद्व संपणे, ही ती शोकांतिका आहे. पत्नी गेल्याची बातमी येते तेव्हा त्याला रडूही येत नाही. आयुष्य हे एका वेड्याने सांगितलेल्या निरर्थक गोष्टीसारखे त्याला भासते. हे तत्त्वज्ञान म्हणून अनेकदा उद्धृत केले जाते. वस्तुतः ते एका माणसाच्या बधिरपणाचे निवेदन आहे. राजहत्येची वाच्यता झाली तेव्हा तो सर्वांसमोर म्हणाला होता की तासाभरापूर्वी मेलो असतो तर जीवन सार्थकी लागले असते. तेव्हा ते नाटकी बोलणे होते. शेवटच्या अंकात तेच शब्दशः खरे ठरते.

भोवतालची माणसे

एकटा मॅकबेथ हे करू शकला नसता. खुनानंतर बँको मनाशी स्पष्ट म्हणतो की याने हे राज्य कपटाने मिळवले असावे. आणि लगेच पुढे म्हणतो, याचे भविष्य खरे ठरले, मग माझे का ठरू नये? तो गप्प बसतो, दरबारात मान घेतो, आणि त्याच रात्री मारला जातो. हातात सुरा न घेणाऱ्या माणसाच्या महत्त्वाकांक्षेने सुरा धरणाऱ्याची केवढी सोय केली! मेजवानीला आलेल्या सरदारांना राजाचे प्रलाप ऐकू येतात; ते मुकाट घरी जातात. राजाने त्या प्रत्येकाच्या घरात पैसे देऊन एक नोकर फोडून ठेवला आहे. वैद्य जे पाहतो ते मनात ठेवतो, कारण बोलण्याची त्याला छाती नाही.

मॅकडफ तेवढा वेगळा. नव्या राजाच्या राज्याभिषेकाला तो जात नाही, आपल्या घरी जातो. त्याचे कोणतेही भाषण नाही, घोषणा नाही, नुसती गैरहजेरी. जुलमाला पहिला नकार बहुधा असाच असतो. अर्थात शेक्सपिअर त्यालाही देव्हाऱ्यात बसवीत नाही. बायकामुलांना मागे असुरक्षित सोडून तो गेला, याचा जाब त्याची पत्नी रंगभूमीवर उघड मागते. आणि माल्कम त्याची परीक्षा घेण्यासाठी स्वतःच्या अंगी नसलेले दुर्गुण सांगू लागतो, तेव्हा हा सरळ माणूस विषयलंपटपणा चालवून घ्यायला तयार होतो, लोभही चालवून घ्यायला तयार होतो. एकही गुण माझ्यात नाही, असे माल्कम म्हणतो तेव्हा कोठे तो ओरडून उठतो. नको असलेला राजा घालवण्यासाठी नव्या राजाचे किती दोष पोटात घालायचे? मॅकडफने आपली रेषा फार उशिरा ओढली, पण ओढली. आपण प्रत्येकाने ती कोठे ओढायची, याचे उत्तर नाटककार देत नाही आणि मीही देणार नाही.

शेवटी मॅकडफ मॅकबेथचे मुंडके घेऊन येतो. नाटकाच्या प्रारंभीही एका बंडखोराचे मुंडके तटावर लागले होते. माल्कम सरदारांना नव्या पदव्या वाटतो, त्याच्या बापानेही वाटल्या होत्या. राज्य सुधारले आहे यात शंका नाही. पण पदव्या देण्याची रीत तीच राहिली, हे प्रेक्षकाने विसरू नये अशीच ही रचना आहे.

मित्रहो, महत्त्वाकांक्षा टाकून द्या, असे सांगण्यासाठी मी हे नाटक निवडले नाही. काही करून दाखवण्याची ईर्ष्या नसती तर जगातले एकही चांगले काम उभे राहिले नसते. मला एवढेच सांगायचे आहे की मन आणि हात यांच्यामधली ती अडचणीची, काम लांबवणारी, झोप उडवणारी जागा माणसाने सांभाळावी. तेथे होणारा झगडा दुबळेपणाचे लक्षण नाही. एखादी गोष्ट करताना पूर्वी मनाला लागत असे आणि आता लागत नाही, असे जेव्हा ध्यानात येईल, तेव्हा आपण खंबीर झालो असे समजून समाधान मानू नये. मॅकबेथलाही तसेच वाटले होते. आपल्या हातून अजून फार रक्त सांडलेले नाही. म्हणून मागे वळणे आपल्याला शक्य आहे. त्याला ते शक्य उरले नव्हते, आणि हेही त्याला पुरते कळत होते.